टॉवेल काढण्याआधी तीन हाका

आमचे आण्णा कधी फोन करत नाहीत, मिस्ड कॉल देतात. एक रिंग वाजून कट झाली की समजायचं, सवड मिळेल तेव्हा कर. दोन रिंगा म्हणजे आत्ता कर. हा बापलेकीतला करार कधी ठरला हे आमच्या दोघांनाही सांगता येणार नाही. मी पुण्यात, ते उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी आमच्या गावात. त्या मंगळवारी सकाळी मी ऑफिसात मीटिंगला बसले होते आणि टेबलावर फोन थरथरला. एक रिंग झाली, दोन झाल्या, तीन झाल्या... आण्णा कट करतच नव्हते. मी मीटिंगमधून उठून बाहेर आले आणि उचलला. “मास्तर गेलं,” एवढंच ते म्हणाले. मी खुळ्यासारखी विचारते, “कुठं?” “आगं, गेलं की...” म्हणाले आणि फोन ठेवला.

मास्तर म्हणजे दत्तात्रय कोळेकर. आण्णा त्यांना मास्तर म्हणायचे, मी सर. सोलापुरात डिप्लोमाला त्यांनी मला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि निवृत्तीनंतर कुंभारीतल्या दोन खोल्यांच्या घरात, पुढच्या खोलीला कारखाना करून बसले. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. सकाळी नेहमीप्रमाणे कामाला बसले होते, छातीत दुखतंय म्हणून उठले, बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हाक मारली, रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोड गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. मला ते जमणार नाही, आणि सरांनाही आवडलं नसतं. ते हट्टी होते, विलक्षण संथ होते, आणि अनोळखी माणसाकडं इतका वेळ टक लावून बघत राहायचे की बरोबरच्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मला अक्कल आली ती या माणसामुळं, आणि ती कशी आली हे सांगायचं तर माझा एक गुन्हा सांगावा लागेल.

त्याआधी गिरणी सांगते. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी मोठ्या ऐटीत एक कल्पना नेली होती. पिठाच्या गिरणीत टोकनचं यंत्र बसवायचं, लाल आकड्यांची पाटी लावायची. सरांनी कागद बघितलाही नाही. म्हणाले, “गिरणीत जा, एक तास उभी राहा आणि काय दिसतं ते लिहून आण.” मी वर्गात पहिली येणारी मुलगी! नाकाला मिरच्याच झोंबल्या. तरी गेले. तासभर पीठ खाल्लं, पांढरी होऊन परत आले आणि सांगितलं, “तिथं काहीच नाही सर. रांगेत नुसते डबे आहेत. माणसंसुद्धा नाहीत.” सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “अगं, तेच तर बघायला पाठवलं होतं तुला! बाई घरी भाजी चिरतीय आणि तिचा डबा रांगेत उभा आहे. कुणी तो डबा मागं सारून बघावा, काय भांडण होतं ते. तिथं डबा म्हणजे बाई. आणि तू टोकन देऊन तिला भाजी सोडून रांगेत आणून उभी करणार होतीस.” मला दहापैकी चार गुण दिले. मी त्यांचा मनसोक्त राग केला. पुढं इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरीला लागले, लोकांच्या फोनवर चालणारी ॲप बनवायला लागले आणि गिरणी साफ विसरले.

आता आमच्या फुगवट्याची रीत. तिथं पाणी एका जागी राहत नाही. उन्हाळा चढेल तसं ते मागं मागं सरकतं आणि त्याच्यामागं सगळ्यांच्या मोटरी. काठाला लोखंडी अँगलवर स्टार्टरच्या पेट्या ओळीनं उभ्या असतात. घर राहिलं दीड-दोन कोस लांब. लाईट आली की मोटरसायकलवर टांग मारायची, काठावर जायचं, मोटर लावायची. कधी स्वतःची, कधी शेजाऱ्याची, कारण आलाच आहे तर त्याचीही लावतो. आणि म्हणूनच काठावर एक रीत आहे. कुणी पाण्यात उतरला किंवा मोटरीत हात घातला, की त्यानं आपला टॉवेल पेटीच्या चालू-बंदच्या दांड्यावर अडकवायचा. टॉवेल दिसला की त्या पेटीला हात लावायचा नाही, मग तुमचा ऊस जळो की केळी वाळो. कुणी विसरून टॉवेल ठेवून गेला असेल असं वाटलं तर काठावर जाऊन नाव घेऊन तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेनंतर तंबाखू मळून होईपर्यंत थांबायचं. मगच टॉवेल काढायचा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून मला हे माहीत आहे.

आणि तरीही मी ते केलं. नोकरी लागल्यावरच्या पहिल्या दिवाळीला मी आण्णांसाठी मोबाईलवरून मोटर चालू करायचं यंत्र आणलं, त्याला मी स्वतः बनवलेलं ॲप जोडलं. गावभर मिरवलं. पुण्यात बसून मी बटण दाबते आणि आमच्या केळीत पाणी पडतं, म्हणजे काय! चार महिने आण्णांनीही मिशीला पीळ भरला. मग एक दिवस, सकाळचे साडेनऊ असतील, आण्णा काठावर मोटर आणि पंप यांना जोडणाऱ्या कपलिंगचा रबर बदलत होते. हात ग्रीसनं माखलेले, म्हणून फोन चपलेत ठेवलेला. घरी लाईट आली. आईनं त्यांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मग मला लावला. “ज्योते, लाईट आलीया. तुजं आण्णा फोन उचलंनात. तूच लाव की मोटर तितनं.” मी कॅन्टीनमध्ये डोसा खात होते. एका हातानं ॲप उघडलं, हिरवं बटण दाबलं. दुसऱ्या हातात चटणीची वाटी होती, ती पुढं टेबलावर कधी ठेवली ते मला आठवत नाही.

आण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. शेजारच्या पट्टीतले महादूबापू ओरडा ऐकून पळत आले आणि त्यांनी पेटीवर हात मारून मोटर बंद केली. त्यासाठी त्यांना आधी दांड्यावरचा टॉवेल बाजूला सारावा लागला. म्हणजे आण्णांनी टॉवेल अडकवला होता. रीत पाळली होती. माझ्या ॲपला टॉवेल दिसत नव्हता, एवढंच. आण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला सोसेना. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दवाखान्यातून आले, पेटीतलं माझं यंत्र उपसून काढलं, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. “हे तुज्या पुण्याला घीऊन जा,” म्हणाले. त्यानंतर मी काठावर गेले की ते मोटरीजवळून उठून उभे राहायचे. मी परत वळेपर्यंत खाली बसत नव्हते. पोटच्या पोरीला भिणारा बाप तुम्ही बघितलाय? मी बघितला.

ते गाठोडं घेऊन मी पुण्याला गेलेच नाही. कुंभारीला सरांच्या दारात जाऊन उभी राहिले. डिप्लोमा संपल्यापासून एकदा फोन केला नव्हता, आणि आता गाठोडं घेऊन हजर. सरांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पेटीवर टॉवेल होता?” मी म्हटलं, होता. “ती रीत तुला माहीत होती?” होती. सरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “मग यंत्राला सांगायची कशी राहिली गं?” आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं. मी तिथं ओक्साबोक्शी रडले. काकूंनी आतून येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सरांना झापलं, “पोरगी रडतीया आन तुमी परीक्षा घेता व्हय?” सर म्हणाले, “परीक्षा नाही. मलाही सुचलं नसतं. गिरणीतले डबे दाखवत हिंडलो, पण हा टॉवेल मला ठाऊक नव्हता. चल, तुझ्या गावाला जाऊ.”

एसटीनं निघालो. मोडनिंबला गाडी चहाला थांबली तेव्हा मी सुचलेला उपाय सांगितला. ॲपमध्येच एक बटण देऊ, ‘मी काम करतोय’ असं. आण्णांनी मोटरीत हात घालायच्या आधी ते दाबायचं, म्हणजे मला लांबून मोटर चालू करताच येणार नाही. सरांनी समोरच्या भजीवाल्याच्या पाटीकडं बोट केलं. “त्या पाटीवरचा नंबर लाव.” लावला. फळीवर त्याचा फोन वाजायला लागला. भजीवाल्यानं बेसनात बुडालेले दोन्ही हात वर धरले, फोनकडं बघितलं, हनुवटीनं खुणावत बायकोला ओरडला, “आगं घी की त्यो फोन!” बायकोचे हात कांद्यात. फोन वाजून वाजून बंद पडला. सर माझ्याकडं बघून गालात हसले आणि म्हणाले, “आता तुझं बटण कुणी दाबायचं ते सांग.” मी गुमान चहा प्यायले.

गावात येऊन सरांनी काय केलं? आठ दिवस नुसते बसले. काठावर, बाभळीखाली, मांडीवर वही. कोण येतं, गाडी कुठं लावतं, चप्पल कुठं काढतं, आधी पाण्याकडं जातं की पेटीकडं. यंत्राचा विषय एकदाही काढला नाही. लोकांना वाटलं, पाटबंधारे खात्याचा माणूस आलाय. हाताला पट्टी बांधलेले आण्णा घरी येऊन आईजवळ कुरकुरायचे, “ह्यो मास्तर हाय का राखणदार? नुसतं बगतंय!” पाचव्या-सहाव्या दिवशी सरांनी त्यांना विचारलं, “आण्णा, टॉवेल दांड्यावरच का अडकवता? शेजारी बाभूळ आहे, तिला का नाही?” आण्णांना तो प्रश्न इतका खुळचट वाटला की अपघातानंतर ते पहिल्यांदाच हसले. “मास्तर, कसलं इचारताय? मोटर लावायला हात जितं जाणार तितंच टावेल पायजे की! बाबळीकडं कोण बगतंय?” सरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि चक्क आण्णांच्या पायाला हात लावला. आण्णा चार पावलं मागं सरले, “आँ! मास्तर, काय करताय!” सर म्हणाले, “तीस वर्षं पोरांना हेच शिकवायचा प्रयत्न केला. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत.” सरांचं घराणं सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. ते म्हणायचे, आमचा बाप मेंढरांना वाट दाखवत नव्हता, मेंढरं जातील ती वाट ध्यानात ठेवत होता.

त्यातून सरांची पेटी झाली. ॲप वगैरे काही नाही, पेटीलाच फोन लावला की मोटर चालू. तिच्यात नवीन म्हणावं असं काय, तर दांड्याच्या अगदी शेजारी एक खुंटी. टॉवेल अडकवला की खुंटी थोडी खाली बसते, आतून ‘टक्’ असा आवाज येतो, आणि मग मोटर कशानंही चालू होत नाही. फोननं नाही, दांड्यानं नाही. टॉवेल काढला की खुंटी वर. माणसानं जे करायचं ते तो आधीपासून करतच होता, फक्त आता यंत्रालाही टॉवेल कळायला लागला. पुढं एका कंपनीचा साहेब आला होता, म्हणाला, खुंटीऐवजी कॅमेरा लावू, टॉवेल आपोआप ओळखेल. सर म्हणाले, “कॅमेऱ्याला टॉवेल दिसेल हो. पण कॅमेऱ्याला दिसला, हे टॉवेलवाल्याला कसं कळेल? माझी खुंटी टक् वाजते. ते ऐकून माणूस निवांत खाली बसतो.” साहेब चहा पिऊन गेला.

आता वाटेल, सगळं पहिल्या फटक्यात जमलं. छे! पहिली पेटी महादूबापूंच्या मोटरीला बसवली आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन. “ओ मास्तर, तुमची पेटी उपाशी हाय का काय? भाकरी बगितली की बंद पडतीया!” झालं होतं असं, की बापूंनी खुंटी बघितली आणि तिच्यावर भाकरीचं गठुडं टांगलं. काठावर खुंटी दिसल्यावर दुसरं काय करणार माणूस? दुपारपर्यंत मोटर बंद, बापू घामाघूम, वायरमनला शिव्या. मी शहाणपण पाजळलं, “सर, पेटीवर सूचना चिकटवू. इथे भाकरी टांगू नये.” सर माझ्यावर चिडलेले मी तेव्हा एकदाच बघितले. “मुंग्या लागतात म्हणून टांगतो तो भाकरी! मुंग्यांनाही सूचना वाचायला शिकवणार आहेस? चूक भाकरीची नाही, आपली आहे.” दुसऱ्या दिवशी पेटीला दुसरी खुंटी आली. पेटीच्या सावलीच्या अंगाला, जरा उंचावर, पक्की ठोकलेली. तिला आत काहीच जोडलेलं नाही. भाकरीची खुंटी. कुठली कशाला हे लिहावं लागलं नाही, कुणी विचारलंही नाही. भाकरी सावलीत गेली, टॉवेल दांड्याशी राहिला.

मग आवाजाची गंमत. खुंटी खाली असताना कुणी मोटर लावायला फोन केला तर पेटीनं त्याला तसं फोनवर सांगायला हवं. मी पुण्यात एका बाईंच्या गोड आवाजात रेकॉर्ड करून आणलं, ‘कृपया प्रतीक्षा करा, यंत्र देखभाल स्थितीत आहे.’ आमच्या आईनं ते ऐकलं आणि त्या बाईला उत्तर दिलं, “व्हय व्हय, पर मोटर लावा की बाई.” सरांनी कपाळाला हात लावला आणि काकूंना पुढं केलं. काकूंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, मराठीला कानडी हेल, बोलायला ठणठणीत. पण रेकॉर्डिंग म्हटल्यावर बाई लाजून चूर. “मला न्हाई जमत असलं काय,” म्हणून भाकरी थापायला बसल्या. सर त्यांच्याशेजारी पाटावर बसले आणि साधंच बोलल्यासारखं विचारलं, “समज, मी पाण्यात उतरलोय, आणि कुणीतरी मोटर लावायला निघालाय. तू काय म्हणशील त्याला?” काकू ताडकन वळल्या, पिठाचा हात वर करून ओरडल्या, “थांबा की हो! टावेल दिसत न्हाई का? माणूस हाय तितं! आदी हाक मारा!” सरांच्या खिशात फोन चालूच होता. मागं तव्यावरच्या भाकरीचा चर्र आवाजसुद्धा आलाय त्यात. आज आमच्या भागातल्या प्रत्येक पेटीतून काकू ओरडतात आणि भलेभले गडी थांबतात.

आण्णांनी ती पेटी बसवून घेतली. पण ती मास्तरांची म्हणून. पेटी फक्त तिच्यात घातलेल्या नंबरांचंच ऐकते. आण्णांनी आईचा नंबर घातला, महादूबापूंचा घातला. माझा घातला नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढची चार वर्षं मी महिन्यातले दोन शनिवार-रविवार कुंभारीला सरांबरोबर पेट्या जुळवत बसले, पण आमच्या स्वतःच्या मोटरीला मात्र मी परकीच. एकदा पेटी जुळवता जुळवता हे सरांजवळ बोलून गेले. सरांनी मान वर केली नाही. “चाचणीला मी प्रत्येक पेटीत पहिला नंबर तुझा घालतो,” म्हणाले. “आण्णाही घालतील. बोटं त्यांची गेलीत, तू घाई करू नकोस.” खरं सांगते, त्या वाक्यावर मी चार वर्षं काढली.

कामाला बसताना सरांची एक सवय होती. समोरची पेटी उघडायच्या आधी खांद्यावरचा टॉवेल ते तिच्या खुंटीवर अडकवायचे. टक्. घरातल्या घरात, टेबलावर, जिथं भिण्यासारखं काही नाही तिथंही. जुने विद्यार्थी येऊन हसायचे. सर म्हणायचे, “हात आत आहे तोवर टॉवेल बाहेर पाहिजे. रीत म्हणजे रीत.”

परवा रविवारी मी आण्णांना घेऊन कुंभारीला गेले. दिवसकार्यानंतर आण्णा पहिल्यांदाच येत होते. काकू वाळल्यात. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “एका माणसाची पेटी ऱ्हायलीया. दोनदा फोन आला बिचाऱ्याचा. करमाळ्याकडचा हाय, केळी वाळायला लागली म्हनतोय. तू बगतीस का?” पुढच्या खोलीत सगळं तसंच. टेबलावर सरांचा चष्मा, स्क्रू ठेवायची पितळी वाटी, चाचणीची लहान मोटर आणि तिला जोडलेली ती पेटी. मी झाकण काढून तपासलं. काम पुरं झालेलं होतं, फक्त चालवून बघायचं राहिलं होतं. झाकणाचे स्क्रू लावले, प्लग घातला आणि माझ्या फोनवरून, स्पीकर चालू ठेवून, पेटीला फोन लावला.

“थांबा की हो! टावेल दिसत न्हाई का? माणूस हाय तितं! आदी हाक मारा!”

पेटीच्या खुंटीवर सरांचा टॉवेल होता. निळ्या काठाचा, पाच आठवडे तिथंच. तो मला दिसला नव्हता असं नाही. मी त्याला धक्का न लावता झाकण काढलं होतं, लावलं होतं. तरीही फोन लावला. दुसऱ्यांदा तीच चूक... मी मागं वळून बघितलं तर दारात काकू, हातात चहाचं ताट. स्वतःचाच आवाज ऐकून जागच्या जागी थिजल्या होत्या. ताट त्यांनी हळूच खाली ठेवलं. “टावेल त्यांनीच अडकिवलाय,” म्हणाल्या. “मी रोज झाडून घेते, पर त्याला हात लावत न्हाई. ज्याचा त्यानंच काढायचा न्हवं?” मग, “न्हाईतर हाक मारायची. पर मी कशी मारू? उभ्या जन्मात नाव घेतलं न्हाई मी त्यांचं.”

आण्णा खुर्चीतून उठले. टेबलापाशी आले, आणि काठावरून पलीकडच्या तीरावर मारावी तशी मोकळ्या गळ्यानं हाक मारली. “दत्तामास्तर!” खिडकीची तावदानं वाजली. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. “ओ दत्तामास्तर!” दुसऱ्या हाकेला आण्णांचा आवाज फाटला. तिसरी त्यांनी जवळजवळ हळूच मारली. मग बंडीतून चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि उरलेल्या बोटांनी सावकाश मळत बसले. मळून झाली. आण्णांनी ती तोंडात टाकली नाही, चंचीतच परत ठेवली.

“काढ,” मला म्हणाले.

मी टॉवेल काढला. टक्. तो धरून कुठं ठेवायचा हे मला कळेना. काकू पुढं आल्या, पेटीच्या दुसऱ्या अंगाला हात करून म्हणाल्या, “तितं लाव. भाकरीच्या खुंटीला. तितं असला तर काय आडत न्हाई.” मी तिथं अडकवला. काकूंनी त्याची एक चुणी सरळ केली.

मी फोन हातात घेतला आणि आण्णांकडं बघितलं. ते मोटरीशेजारीच उभे होते, उजवा हात टेबलावर, मोटरीपासून वीतभर अंतरावर. मी ते मागं सरण्याची वाट बघत राहिले. ते सरले नाहीत. हातही उचलला नाही.

“लाव की,” आण्णा म्हणाले.

मी मोटर लावली.